बाजू घेऊन लिहिणारे

चळवळीसाठी आयुष्यभर लिहिणाऱ्याला दोन दूषणे हमखास ऐकावी लागतात. बाजू घेतली की सत्य सुटते, हे एक. आणि तो लेखक नव्हे, प्रचारक, हे दुसरे. दोन्ही खोटी आहेत.

महाडचा सत्याग्रह 19 आणि 20 मार्च 1927चा. 3 एप्रिलला डॉ. आंबेडकरांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पत्र सुरू केले. महाडला मार खाल्लेली माणसे त्यांचीच होती, त्यामुळे संपादक कोणत्या बाजूचा हे कुणाला विचारावे लागले नसते. तरी महाडच्या धर्मसंगरावरील अग्रलेखांत त्यांनी वरिष्ठ हिंदूंची जबाबदारी मांडली, इंग्रज सरकारची मांडली आणि अस्पृश्य वर्गाचीही मांडली. आपल्याच माणसांना जबाबदारी सुनावणाऱ्याच्या हातून सत्य सुटले, असे म्हणायचे कसे? पक्षपाताच्या आरोपाला याहून चोख उत्तर मला माहीत नाही.

उलट, बाजू घेणाऱ्यालाच तपशील अधिक जपावा लागतो. त्याच्या हातून एक तारीख चुकली, तर विरोधक तेवढीच धरून सगळा अन्यायच बनावट ठरवतात. तटस्थ म्हणवणाऱ्याचे मात्र शुद्धिपत्रावर भागते.

आता दुसरे दूषण. नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यात बसून मुकुंदराव पाटील यांनी ‘दीनमित्र’ चालवले. 1910 साली सुरू झालेले हे सत्यशोधक पत्र त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ सांभाळले. शेतकऱ्याला कळेल, बोचेल आणि पटेल असे मराठी गद्य आठवड्यामागून आठवडे लिहिणे याला लेखन म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

एक मान्य करतो. संस्थांकडून देणगीदारांसाठी घाऊक लिहिल्या जाणाऱ्या यशोगाथा वाचवत नाहीत. त्यांत बाईचे दुःख असते, पण बाई नसते. आपल्याबद्दल काय छापले हे तिला कुणी वाचूनही दाखवत नाही. पण हा दोष घाईचा आणि मागणीबरहुकूम लिहून घेण्याचा आहे, न्यायाची बाजू घेण्याचा नव्हे.

राहिला प्रश्न पैशाचा. ‘बहिष्कृत भारत’ 1929 साली बंद पडले ते पैशाअभावी. रकानेच्या रकाने बाबासाहेब स्वतः लिहीत होते. आजही संस्थांच्या अंदाजपत्रकात गाडीभाडे असते, सभागृहाचे भाडे असते, लेखकाचे मानधन मात्र ‘जमल्यास’ असते. संस्थाचालकांनो, ते आधी मांडा. आणि ज्याची गोष्ट छापता, त्याला ती छापण्यापूर्वी वाचून दाखवा.