फंक्शनच्या माहितीपत्रकात मर्यादाही लिहा

मेटफॉर्मिनच्या माहितीपत्रकात एक सूचना असते: मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता दाखवणारा ईजीएफआर 30 च्या खाली असेल, तर हे औषध देऊ नका. औषधाचे सारे रसायनशास्त्र डॉक्टरला पाठ नसले तरी चालते. ही ओळ मात्र हवीच. हिंजवडीत रोज लिहिल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचा मोठा भाग लायब्ररीतल्या तयार फंक्शनांवर उभा असतो. फंक्शन काय करते, हे त्याच्या माहितीत असते. नोंदी वाढल्यावर वेळ आणि मेमरी किती लागेल, हे बहुतेकदा नसते.

रुग्णनोंदणीचेच घ्या. एखादे नाव आधीच नोंदले आहे का, हे पायथॉनमध्ये ‘इन’ या एका शब्दाने विचारता येते. मागे ‘लिस्ट’ असेल तर एकेक नोंद तपासली जाते. ‘सेट’ असेल तर उत्तर साधारणपणे थेट मिळते. लिस्ट वापरून 1,000 नोंदींत दुबार नावे शोधायला सुमारे 5 लाख तुलना लागतात. 1 लाख नोंदींत सुमारे 500 कोटी. नोंदी शंभरपट, काम दहा हजारपट! चाचणीत शे-दोनशे नोंदी असतात, तेव्हा सगळे झटपट चालते. रांग अडते ती सोमवारच्या ओपीडीत.

जावातले ‘सबस्ट्रिंग’ हे मजकुराचा तुकडा काढणारे फंक्शन पाहा. पूर्वी ते मूळ मजकुरातल्या जागेकडे नुसते बोट दाखवी. काम क्षणात होई, पण चिमूटभर तुकड्यासाठी अख्खा मजकूर मेमरीत अडकून पडे. 2012 मध्ये, जावा 7 च्या सहाव्या अपडेटपासून, ते तुकड्याची नवी प्रत काढू लागले. मेमरी सुटली, वेळ मात्र तुकड्याच्या लांबीप्रमाणे वाढू लागला. फंक्शनचे नाव तेच, उत्तरही तेच. वेळेचे वचन आधीही लिहिलेले नव्हते, त्यामुळे ते मोडले असे म्हणायचीही सोय नाही.

आकडा लिहिला तर आतली रचना बदलता येणार नाही, असा लायब्ररी लिहिणाऱ्यांचा आक्षेप असतो. तो मला पटत नाही. सी प्लस प्लसच्या मानकात 2011 पासून ‘सॉर्ट’वर बंधन आहे: नोंदींचा क्रम कितीही प्रतिकूल असो, नोंदी दुप्पट झाल्या तर तुलना दुपटीहून थोड्याच वाढाव्यात. आतली पद्धत कोणती, ते ज्याचे त्याने ठरवावे.

सरकारी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर घेताना निविदेतच ही अट घालता येईल: 1,000 आणि 10 लाख नोंदींवर प्रत्येक मुख्य कामाला किती वेळ आणि मेमरी लागते, ते लिहून द्या.