गुडघा नवा, पण व्यायामाचे काय?

गुडघ्याचे ऑपरेशन करून आजी घरी आली की सगळे घर तिच्याभोवती गोळा होते. गुडघ्याखाली मऊ उशी सरकवली जाते, चहा-पाणी जागेवर मिळते. ‘आता उठायचं नाही, नुसता आराम करायचा,’ असे मुलगा, सून, शेजारीपाजारी सगळेच बजावतात. जळगाव-धुळ्याकडच्या खेड्यांतही हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. हे सारे मायेपोटीच चाललेले असते. पण दोन-तीन महिन्यांनी तीच आजी ‘ऑपरेशन करूनही पाय वाकत नाही’ अशी तक्रार घेऊन पुन्हा दवाखान्याच्या रांगेत दिसते. अशा वेळी दोष अनेकदा ऑपरेशनचा नसतो. त्यानंतर न झालेल्या व्यायामाचा असतो.

तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तेव्हा सांधेरोपण हा शब्द घरोघरी पोहोचला. तरी खर्च सामान्यांच्या आवाक्याबाहेरच होता. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत दीड लाखाच्या वरून, कर वगळता, सुमारे ५५ हजारांवर आली. आयुष्मान भारत योजनेच्या यादीतही ही शस्त्रक्रिया आहे. म्हणजे सांधा मिळण्याची अडचण पूर्वीपेक्षा कमी झाली. आता प्रश्न उरतो तो सांधा चालता करण्याचा.

शस्त्रक्रियेत झिजलेल्या हाडांचे पृष्ठभाग बदलले जातात; मांडीचे स्नायू मात्र जुनेच राहतात. वर्षानुवर्षांच्या दुखण्याने ते आधीच अशक्त झालेले असतात. त्यात ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची निम्म्याहून अधिक ताकद घटते, असे अभ्यासांत आढळले आहे. दुसरीकडे, आतली जखम भरताना तयार होणारे तंतू दिवसेंदिवस घट्ट होत जातात. गुडघा हलता ठेवला नाही तर ते त्याला जखडून टाकतात. म्हणून पहिले सहा ते बारा आठवडे निर्णायक असतात. ही वेळ हुकली की काही रुग्णांना पुन्हा भूल देऊन गुडघा वाकवून घ्यावा लागतो.

सपाट रस्त्यावर चालायला गुडघा साधारण ६५ ते ७० अंश वाकावा लागतो. जिना चढायला, खुर्चीतून उठायला ९० अंश किंवा त्याहून अधिक लागतात. एसटीची उंच पायरी तर आणखी मागते. त्यामुळे दोन आठवड्यांत ९० अंशांच्या आसपास आणि तीन महिन्यांत ११० च्या पुढे, असे उद्दिष्ट सहसा ठेवतात. वाकण्याइतकेच गुडघा पूर्ण सरळ होणेही महत्त्वाचे आहे. म्हणूनच गुडघ्याखालची ती मऊ उशी घातक ठरते. पाय अर्धवट वाकलेल्या अवस्थेत आखडतो आणि चाल कायमची लंगडी होऊ शकते. उशी ठेवायचीच तर टाचेखाली ठेवावी.

व्यायाम साधे आहेत. पावले वर-खाली करणे, गुडघा गादीवर दाबून मांडी आवळणे, टाच गादीवरून घासत मागे ओढणे, पाय सरळ ठेवून उचलणे, खुर्चीत बसून गुडघा वाकवणे. हे थोडे थोडे, पण दिवसातून तीन-चार वेळा करायचे असतात. दुखते म्हणून थांबू नये. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्यावी आणि नंतर कापडात गुंडाळलेल्या बर्फाने पंधरा-वीस मिनिटे शेकावे. ताज्या जखमेवर तेलाचे मालिश किंवा गरम विटेचा शेक नको. पोटरी सुजून दुखू लागली, जखमेतून स्राव आला किंवा ताप भरला तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावे. धाप लागली किंवा छातीत दुखले तर क्षणभरही थांबू नये.

हे सगळे शिकवणार कोण, हा खानदेशातला खरा प्रश्न आहे. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावातही २०१८ पासून शासकीय महाविद्यालय आहे. पण शिरपूरहून धुळे किंवा रावेरहून जळगाव म्हणजे पन्नास किलोमीटरहून अधिक प्रवास. टाके असलेला पाय घेऊन आठवड्यातून तीनदा एसटीने ये-जा कोण करणार? सोबत येणाऱ्याची कापूस वेचणीची किंवा केळीच्या बागेतली मजुरी बुडते, ती वेगळीच.

यासाठी मोठ्या पुनर्वसन केंद्राची गरज नाही. २०१७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात काही रुग्णांना दहा दिवस पुनर्वसन केंद्रात ठेवून मग घरचा कार्यक्रम दिला, तर इतरांना थेट घरचा कार्यक्रम दिला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या चालण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र तिथे घरी पाठवलेल्या रुग्णांना आखलेला कार्यक्रम आणि तज्ज्ञांची देखरेख होती. आपल्याकडे रुग्णाला घरी पाठवतात. कार्यक्रम आणि देखरेख मागेच राहते.

वृद्धांच्या आरोग्यासाठी २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी आणि ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर पुनर्वसन कर्मचारी अपेक्षित आहे. सांधेरोपण झालेल्या प्रत्येक रुग्णाचे नाव या यंत्रणेला कळवले, तालुक्याच्या ठिकाणी पंधरा दिवसांनी गुडघा मोजला आणि मधल्या काळात फोनवर विचारपूस केली, तरी पुष्कळ काम होईल. शस्त्रक्रियेला पैसे देणाऱ्या योजनांनी पुढच्या तीन महिन्यांच्या फिजिओथेरपीचाही हिशेब मांडला पाहिजे. व्यायाम ऑपरेशनच्या आधीच, रुग्णाच्या बोलीत आणि घरच्या माणसासमोर शिकवले जावेत.

तोवर घरच्यांनी रुग्णालय सोडताना तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्याव्यात: गुडघा आज किती अंश वाकतो, पुढची तपासणी कधी, आणि अडचण आली तर फोन कोणाला करायचा. आणि घरी आल्यावर आजीला ‘पडून राहा’ म्हणण्याऐवजी तिच्या हातात वॉकर द्यावा आणि तिच्यासोबत ओट्यापर्यंत चालत जावे.