तिला मराठी कळतं

गेल्या नोव्हेंबरात माझी भाची आणि तिचा नवरा जर्मनीहून आले आणि आठ दिवस आमच्या मांडवीच्या घरी राहिले. बरोबर त्यांची मुलगी होती, चार वर्षांची. आई-बाप आणि लेक विदर्भातल्या एका संस्थेत एकत्र आले, त्याला जेमतेम बारा दिवस झाले होते. 'कारा' या दिल्लीच्या केंद्रीय प्राधिकरणाचं पत्र आलं होतं, दत्तकाचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेशही झाला होता (२०२२ पासून हे काम कोर्टाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आलंय). आता पासपोर्ट आणि व्हिसा मिळेपर्यंत थांबायचं. मग हॉटेलात कशाला, मावशीचं घर आहे की!

पाहुणे आले की रत्नागिरी दाखवायची, हा आमचा शिरस्ता. मी आदल्या रात्रीच बेत आखला. सकाळी रत्नदुर्ग आणि भगवतीचं दर्शन, मग मत्स्यालय, दुपारी थिबा पॅलेस, संध्याकाळी मांडवीची जेटी. दिवसभराची रिक्षा ठरवली. डब्यात घावन घेतले.

मुलगी शहाण्यासारखी बसली. रडली नाही, हट्ट नाही. हातात एक प्लास्टिकची पिशवी, त्यात संस्थेतून आणलेला जुना फ्रॉक. ती पिशवी काही सोडेना. रत्नदुर्गावरून तिला समुद्र दाखवला, तर ती मांजर बघत होती. मत्स्यालयात देवमाशाच्या सांगाड्यापुढे मीच "केवढा मोठा!" म्हणत उभी. फोटो मात्र पुष्कळ निघाले.

थिबा पॅलेसमध्ये मला टूटूची आठवण झाली. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं आणि १९१६ साली तो इथेच वारला. त्याच्या थोरल्या राजकन्येची ही मुलगी. चेहरा ब्रह्मी, बोली मराठी. रत्नागिरीतच संसार केला, इथेच म्हातारी झाली. आपल्या गावाला वेगळ्या चेहऱ्याचं माणूस नवीन नाही, असं मी मोठ्या अभिमानाने भाचीला सांगितलं. संध्याकाळपर्यंत तो अभिमान टिकला नाही.

जेटीवर भेळेच्या गाडीपाशी ओळखीच्या एक बाई भेटल्या. मुलीकडे पाहून म्हणाल्या, "कुठली हो ही? तुमच्यात कुणावरच गेली नाही." आणि मी, बोलघेवडी, सगळं सांगत सुटले. संस्था कुठली, मुलगी किती दिवसांची असताना तिथे आली, कशी सापडली. मुलगी माझ्या शेजारी उभी. त्या म्हणाल्या, "नशीब काढलंन हो पोरीने!" मीही म्हटलं, "काढलंन खरं."

भाची हळूच म्हणाली, "मावशी, तिला मराठी कळतं."

मैत्रिणींनो, घशात घास अडकतो तसं झालं मला. दत्तक मुलाच्या कागदपत्रांची गुप्तता राखावी असं कायदा सांगतो, आणि मी ते कागद भेळेच्या गाडीवर वाचून दाखवत होते.

भाचीने मग रात्री एक गोष्ट सांगितली. १९९२ पासून चीनमधली हजारो मुलं, बहुतेक मुलीच, परदेशी घरांत दत्तक गेली. २०२४ साली चीनने ते बंद केलं, आता फक्त जवळच्या नात्यात देतात. अमेरिकन पालक व्हिसासाठी ग्वांगझाऊ शहरात थांबायचे आणि त्या मोकळ्या दिवसांत नव्या मुलाला घेऊन शहर बघत फिरायचे. रस्त्यातले लोक थांबून बोलत. आई-बापांना त्यातलं काही कळत नसे. मूल जरा मोठं असलं तर त्याला मात्र सगळं कळे. त्या आई-बापांना निदान भाषा न येण्याची सबब होती. मला कुठली?

आणि ते 'नशीब'! भाची आणि जावई साडेतीन वर्षं यादीत थांबले. घरी भेट देऊन चौकशी झाली, पगाराचे दाखले झाले, डॉक्टरी तपासण्या झाल्या. मूल हवं होतं म्हणून थांबले. बाळंतिणीला कुणी "केवढं पुण्य केलंस" म्हणतं का? मग यांनाच का म्हणायचं? त्या पुण्याचं ओझं शेवटी मुलीच्या डोक्यावर. पुढे कधी उलटून बोलली तर "एवढं केलं तुझ्यासाठी" हे वाक्य तयारच.

आमच्या शेजारच्या काकांनी कौतुकाने लिसा स्थळेकरचं उदाहरण दिलं. १९७९ साली पुण्यात जन्मलेली ही मुलगी 'श्रीवत्स'मधून दत्तक गेली, ऑस्ट्रेलियाकडून क्रिकेट खेळली, २०१३ चा विश्वचषक मुंबईत जिंकून निवृत्त झाली. खरंच मोठी खेळाडू. पण आमच्या घरातली कुठली पोर विश्वचषक आणणार आहे, हे कुणी विचारत नाही. दत्तक मुलीनेच तेवढं घेतल्याचं चीज करून दाखवायचं?

पण माझी खरी चूक याहून वेगळी होती, आणि ती सकाळपासून चालली होती.

जेटीवर दिवे लागले तशी मुलगी उठली, चपला घातल्या, पिशवी छातीशी धरली आणि विचारलं, "गाडी कधी येणार?"

"कुठली गाडी गं?"

"परत जायची."

संस्थेतली मुलं वर्षातून एखाद्या वेळी सहलीला जायची. सकाळी गाडी, डबा, देऊळ, मासे, खाऊ, फोटो, संध्याकाळी परत. दिवसभर आम्ही तिला हुबेहूब तेच घडवलं होतं. म्हणजे सकाळपासून ती शहाण्यासारखी बसली होती ती यासाठी. तिच्या हिशेबी सहल संपली होती आणि आई-बापही संपले होते. भाची तिथेच काळ्या वाळूत बसली, तिला मांडीवर घेतलं, आणि पुष्कळ वेळ कुणीच काही बोललं नाही. जावईबापू समुद्राकडे तोंड करून उभे होते.

दुसऱ्या दिवशी गणपतीपुळ्याला जायचं ठरलं होतं, ते रद्द केलं. शेजारणींना सांगून टाकलं, बघायला येऊ नका, सवडीने जेवायला या. मुलगी माझ्याबरोबर पडवीत बसली. मी तांदूळ निवडत होते, ती खडे वेचून एका वाटीत टाकत होती. खड्यांपेक्षा तांदूळच जास्त जात होते वाटीत.

"आज कुठे जायचं?"

"कुठे नाही."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. जेवायच्या आधी आणखी एकदा. दुपारी तिने पिशवीतला फ्रॉक काढला आणि भाचीला दिला, धुवायला. दोरीवर वाळत घातला तेव्हा खाली उभी राहून बघत होती.

पासपोर्ट पुढच्या आठवड्यात आला. गणपतीपुळं राहिलंच.