हात मंद आहे, बुद्धी नव्हे!

"तुमचा मुलगा मठ्ठ आहे. त्याला साधं लिहायलासुद्धा येत नाही."

आपल्या वस्त्यांतल्या किती आईबापांनी हे वाक्य शाळेच्या दारात मान खाली घालून ऐकले असेल? आमच्या अभ्यासिकेत दुसरीतला एक पोरगा येतो. पंधराचा पाढा धडाधड म्हणतो, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो. पण वही समोर आली की घामाघूम होतो. पेन्सिल मुठीत आवळून धरतो, कागद फाटतो, दोन ओळींत हात दुखायला लागतो. शर्टाची बटणे आई लावून देते, डब्याचे झाकण मित्र उघडतो. शाळेने त्याला मागच्या रांगेत टाकले. बापाने शिस्तीच्या नावाखाली बडवले. पोराला नेमकी अडचण काय आहे, हे मात्र कुणीच विचारले नाही.

मित्रांनो, ही अडचण ओळखीची आहे आणि तिच्यावर इलाजही आहे. काही मुलांच्या बोटांची बारीक कामे वयाच्या मानाने उशिरा जमतात. अशा मुलांसाठी ऑक्युपेशनल थेरपी असते. थेरपिस्ट मुलाचा खांदा, मनगट, पकड, बसण्याची पद्धत, डोळा आणि हात यांचा मेळ तपासतो. मग खेळातून काम सुरू होते: कणीक मळणे, मणी ओवणे, कपड्यांचे चिमटे दाबणे, कात्रीने कागद कापणे, उभ्या फळ्यावर खडूने रेघा ओढणे. पेन्सिलचा छोटा तुकडा दिला तर बोटांना तो मुठीत धरता येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. इतकी साधी गोष्ट! शंभर वेळा 'अ' गिरवायला लावून हे होत नाही. मारून तर नाहीच नाही.

मग प्रश्न असा की, हे ज्ञान आपल्या वस्तीत का पोहोचत नाही?

उच्चभ्रू सोसायटीतल्या मुलाचे अक्षर बिघडले की त्याला थेरपी मिळते. तेच आपल्या मुलाचे बिघडले की शिक्का मिळतो: 'यांच्यात शिक्षणाचे वातावरणच नसते.' एकाच अडचणीला दोन नावे! एकासाठी वैद्यकीय, दुसऱ्यासाठी जातीय. ज्या हातांना शतकानुशतके पाटी-पेन्सिल नाकारून झाडू दिला गेला, त्या हातांचे थरथरणे या व्यवस्थेला 'स्वाभाविक' वाटते. कमी वजनाचे किंवा मुदतीआधीचे बाळंतपण, कुपोषण यांनी मुलाच्या वाढीवर परिणाम होतो. म्हणजे गरिबी आधी मुलाला मागे ओढते आणि मग शाळा त्यालाच दोषी ठरवते.

बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई विधिमंडळात हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत आलेल्या १०० मुलांपैकी जेमतेम १८ चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. मुले शाळेत येणे पुरेसे नाही, ती टिकली पाहिजेत, हा त्यांचा मुद्दा होता. लिहिता न आल्याच्या लाजेने शाळा सोडणारे आजचे पोर त्याच हिशेबातले आहे.

काही कार्यकर्ते म्हणतील, "ही श्रीमंतांची फॅडं आहेत. आधी पोटाचं बघा." त्यांनी इतिहास पाहावा. कमला निंबकरांनी १९५० मध्ये या विद्येचे शिक्षण सुरू केले ते मुंबईच्या केईएममध्ये, म्हणजे महापालिकेच्या रुग्णालयात. जी गोष्ट सार्वजनिक पैशांवर उभी राहिली, ती आज खासगी क्लिनिकच्या दारामागे दर सत्राला पैसे मोजून का घ्यावी लागते?

कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्ग्राफिया आणि डिस्प्रॅक्सिया येतात. पात्र विद्यार्थ्याला परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक देण्याची तरतूद आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी व्हायला हवी. विकासात मागे राहिलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायला हवे. कागदावर सगळे आहे. प्रत्यक्षात वजन-उंची लिहून गाडी पुढे निघून जाते.

म्हणून वस्तीपासून सुरुवात करू. पाच-सहा वर्षांच्या मुलाला बटण, चमचा, खडू जमत नसेल तर आईला दोष न देता तपासणीची मागणी करा. प्रत्येक उशीर म्हणजे अपंगत्व नव्हे. काही मुले थोड्या सरावाने सावरतात. पण तो निर्णय तज्ज्ञाचा, छडीचा नाही. आपल्या जिल्ह्याच्या केंद्रात ऑक्युपेशनल थेरपिस्टचे पद आहे का, ते भरलेले आहे का, गेल्या वर्षी किती मुले पाठवली, हे माहिती अधिकारात विचारा. ३० दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे. उत्तर आले नाही तर अपील करा, आणि आले तर ते घेऊन जिल्हा परिषदेवर धडका.

आणि थोडे आपल्याकडेही पाहू. जयंतीला डीजेवर लाखो उधळणारी मंडळे अभ्यासिकेत मुलांच्या उंचीचे टेबल ठेवत नाहीत. स्पर्धा परीक्षेचे वर्ग आपण काढतो, पण त्या परीक्षेपर्यंत पोहोचणारी वाट दुसरीच्या वर्गातच बंद होते, हे आपल्याला दिसत नाही.

ज्याच्या लेखणीने या देशाचे संविधान घडवले, त्या बापाची लेकरे आपण. आपल्या एकाही लेकराच्या हातून पेन्सिल गळून पडली, तर ती उचलून देण्याची जबाबदारी आपली आहे.

जय भीम! जय संविधान!