संगणकाची कार्यप्रणाली बदलावी काय?

शेतकऱ्याच्या घरीं आणि गांवच्या सोसायटीच्या कचेरींत संगणक येऊन आतां बरीच वर्षें लोटलीं. सातबाऱ्याचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, दुधाचा हिशेब, खतविक्रीची खतावणी, मजुरांची हजेरी, हीं सर्व कामें आज त्या यंत्रावर होतात. असें असतां त्या यंत्राला चालविणाऱ्या कार्यप्रणालीचा, म्हणजे जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात तिचा, विचार आपण क्वचितच करतों. यंत्र घेतांना ती आयती मिळते आणि यंत्र मोडेपर्यंत तीच राहते. परंतु आतां तो विचार करण्याचा प्रसंग आला आहे, आणि तो लांबणीवर टाकणें हिताचें नाहीं, असें आमचें मत आहे.

मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २०१५ च्या जुलै महिन्यांत आणलेल्या विंडोज १० या प्रणालीस सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरविण्याचें नेहमींचें काम १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद केलें. त्या दिवशीं कोणाचेंही यंत्र बंद पडलें नाहीं, आणि फसगत होते ती येथेंच. काल चाललेलें यंत्र आजही चालतें, म्हणून मालकास वाटतें कीं कांहीं बिघडलेलें नाहीं. कुंपण मोडलें तरी जनावर आंत शिरेपर्यंत शेत पूर्वीसारखेंच दिसतें. २०१७ च्या मे महिन्यांत वॉनाक्राय नांवाच्या उपद्रवी आज्ञावलीनें दीडशेंच्या आसपास देशांतील संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांचेंही काम त्यांत अडलें. त्यावरील दुरुस्ती कंपनीनें दोन महिने आधीं, मार्चमध्येंच, दिली होती; ज्यांनीं ती बसविली नव्हती ते सांपडले. औषध हातीं असतां ही अवस्था. मग औषध मिळण्याचा भरंवसाच राहिला नाहीं तर काय होईल, याचा विचार सभासदांचीं कर्जखातीं संभाळणाऱ्या प्रत्येक सचिवानें करावा.

कंपनीनें मुदतवाढीची सोय ठेवली आहे. घरगुती यंत्रांस ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, आणि संस्थांस पैसे भरून जास्तींत जास्त तीन वर्षें, तीही दर वर्षीं दुप्पट होणाऱ्या दरानें, देऊं केली. पेरणी लांबणीवर टाकण्यास तिचा उपयोग होतो. पीक त्यानें येत नाहीं.

यावर दुकानदाराचें उत्तर ठरलेलें आहे: नवें यंत्र घ्या. त्याचें कारण असें कीं, २०२१ च्या ऑक्टोबरमध्यें आलेली विंडोज ११ ही प्रणाली जुन्या यंत्रांस कंपनीच्या नियमाप्रमाणें चालत नाहीं. तिला सुरक्षेची एक विशिष्ट चीप लागते, आणि इंटेल कंपनीचा प्रोसेसर असल्यास तो बहुधा आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा, असावा लागतो. त्यामुळें २०१५ किंवा २०१६ सालीं घेतलेलें, उत्तम चालणारें यंत्र केवळ या अटीसाठीं टाकाऊ ठरतें. ज्याच्या मोटारीचें वायंडिंग शाबूत आहे त्यानें ती भंगारांत घालावी, असें म्हणण्यासारखेंच हें आहे.

तिसरा मार्ग लिनक्सचा. या प्रणालीचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडांतील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिहून सर्वांसाठीं खुला केला. त्यावर उबंटू, लिनक्स मिंट अशा अनेक पूर्ण प्रणाली उभ्या राहिल्या; पुण्यास मुख्य ठाणें असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेंही बॉस नांवाची प्रणाली तयार केली. आपल्या खिशांतील अँड्रॉइड फोन, ज्यावर आपण ई-पीक पाहणी नोंदवितों, तोही लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. तेव्हां ही वस्तु परकी आहे असें मानण्याचें कारण नाहीं. तिची तुलना घरच्या बियाण्याशीं करतां येईल: राखावें, शेजाऱ्यास द्यावें, पुन्हां पेरावें, कोणाची परवानगी नको. दुकानदारानें गुपचूप भरून दिलेली विंडोजची विनापरवाना प्रत वापरण्यापेक्षां हें अधिक सरळपणाचें आहे, हेंही आम्ही स्पष्ट सांगतों. ज्या संस्थेच्या हिशेबाची तपासणी होते तिनें तरी चोरीच्या मालावर हिशेब लिहूं नये.

तथापि लिनक्स फुकट मिळते म्हणून बदलास खर्च नाहीं, असें समजणें चुकीचें होईल. अडचणी खऱ्या आहेत. पहिली हिशेबाची. टॅली ही प्रचलित आज्ञावली विंडोजसाठीं केलेली आहे. लिनक्सवर ती आडमार्गानें चालविण्याचे प्रयत्न होतात, परंतु संस्थेचे हिशेब अशा आडमार्गावर सोंपवूं नयेत. दुसरी अडचण अक्षरांची. युनिकोडपूर्वीच्या फाँटांत लिहिलेले जुने ठराव व पत्रें, तो फाँट नसेल तेथें निरर्थक अक्षरांची रास दिसतात. तीं आधीं युनिकोडमध्यें उतरवून घ्यावीं लागतील. युनिकोड मराठी व इन्स्क्रिप्ट कळफलक मात्र लिनक्समध्यें उत्तम चालतो. तिसरी अडचण छपाईयंत्र आणि डिजिटल सहीच्या टोकनची. कांहीं लगेच चालतात, कांहीं चालत नाहींत. चौथी व सर्वांत मोठी अडचण माणसाची. विंडोज दुरुस्त करणारा तालुक्याच्या गांवीं मिळतो. लिनक्स जाणणारा सहज मिळत नाहीं. लिनक्सचे कैवारी या आक्षेपास हंसण्यावारी नेतात, तें आम्हांस मान्य नाहीं. ज्या पंपाचा मिस्त्री पंचक्रोशींत नाहीं तो पंप कितीही चांगला असला तरी शहाणा शेतकरी घेत नाहीं.

या बाबतींत परदेशांतील दोन उदाहरणें विचारांत घेण्यासारखीं आहेत. जर्मनींतील म्युनिक नगरपालिकेनें २००३ सालीं लिनक्सकडे जाण्याचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारें १५,००० संगणक बदलले, आणि २०१७ सालीं पुन्हां विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. उलट फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीसदलानें प्रथम, २००५ सालापासून, आहे त्याच विंडोजवर कार्यालयीन कामाच्या मुक्त आज्ञावल्या आणल्या. मग इंटरनेट पाहण्याची फायरफॉक्स आणली. आणि माणसांचे हात त्यांवर बसल्यानंतर, २००८ पासून, खालची प्रणाली बदलून उबंटू घातली. ती तेथें टिकली. म्युनिकच्या माघारीची कारणें अनेक सांगतात व त्यांवर वाद आहे. परंतु फ्रेंचांचा क्रम आपल्यासारख्या लहान संस्थांस उपयोगी आहे, याविषयीं वाद नसावा.

म्हणून आमची सूचना अशी. प्रथम सर्व हिशेबांची व कागदांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ती कचेरीबाहेर ठेवावी. प्रणाली बदला वा न बदला, हें करावेंच. नंतर एका कागदावर आपलीं कामें लिहावीं. जो केवळ उतारे काढतो, बाजारभाव पाहतो, अर्ज भरतो व पत्रें लिहितो, त्याचें काम ब्राउझर आणि लिबरऑफिस यांवर भागतें. त्यानें नवें यंत्र न घेतां जुन्यावर लिनक्स घालावी. ज्याचें काम टॅलीवर किंवा सहीच्या टोकनवर अडतें त्यानें तेवढ्यापुरतें एक यंत्र रीतसर परवान्याच्या विंडोज ११ चें ठेवावें आणि बाकीचीं बदलावीं. केंद्र सरकारनें २०२२ च्या जूनमध्यें ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठीं २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली; त्या योजनेंतून मिळालेल्या यंत्रास मात्र सोसायटीनें परस्पर हात लावूं नये, जिल्हा बँकेस विचारावें.

नवें वाण आपण सगळ्या रानांत एकदम पेरीत नाहीं. दोन गुंठ्यांत लावून पाहतों. येथेंही तशी सोय आहे. लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन, संगणकांतील कांहींही न पुसतां, तिच्यावरून यंत्र चालवून पाहतां येतें. छपाईयंत्र चालतें काय, मराठी नीट उमटतें काय, सहीचें टोकन ओळखलें जातें काय, हें एका दुपारींत कळतें. मार्चअखेरच्या वसुलींत किंवा खरिपाच्या कर्जवाटपाच्या धामधुमींत हा उद्योग काढूं नये. कचेरीचें काम हलकें असेल तेव्हां करावा.

राहिला प्रश्न जाणत्या माणसाचा. एका सोसायटीस तो परवडणार नाहीं हें खरें. पण दहा सोसायट्यांनीं मिळून गांवांतल्याच एका हुशार मुलास किंवा मुलीस शिकवून, ठरावीक मानधनावर त्यांचें काम सोंपविलें तर? नव्या यंत्रांवर जाणारा पैसा शहरांतील दुकानांत जातो. हा पैसा गांवांत राहील. केरळ राज्यानें आपल्या सरकारी शाळांत मुक्त प्रणाली आणली तेव्हां शिक्षकांसच शिकवून तयार केलें, आणि तेथें ती रुजली. किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर बाजारांत आणला तेव्हां लोखंडानें जमीन नासते असें म्हणणारे होते. नांगर शेतांत फिरलेला पाहिल्यावर तो समज गेला. लिनक्सचेंही खरेंखोटें व्याख्यानांनीं ठरणार नाहीं, तें एका कचेरींत सहा महिने चालवूनच ठरेल.

तेव्हां ज्या सोसायटींत विंडोज १० चीं यंत्रें अद्याप चालू आहेत तिच्या पंचांनीं पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, आणि नव्या यंत्राच्या खरेदीचा ठराव आला तर मत देण्यापूर्वीं सचिवास एवढेंच विचारावें: जुन्या यंत्रावर दुसरी प्रणाली चालवून पाहिली काय?