भूक लागली, पण अंगी लागले का?

मागच्या महिन्यात बहात्तर वर्षांच्या एका आजींना त्यांचा मुलगा माझ्याकडे घेऊन आला. फाइल नीट लावलेली. वजन घटत होते, अशक्तपणा होता, म्हणून तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात त्यांना मेजेस्ट्रॉल सुरू केलेले होते. तेव्हा वजन ३९ किलो, आता ४३. मुलगा खूश होता. "डॉक्टर, गोळ्या लागू पडल्या. आता स्वतःहून खायला मागते."

आजींना म्हटले, हात न टेकता खुर्चीतून उठा पाहू. जमले नाही. दोन्ही हात टेकून, मुलाच्या खांद्याला धरून त्या कशाबशा उठल्या. पोटावर वळी आली होती, मांड्या मात्र काटकुळ्याच. घोट्यावर बोट दाबले की खळगा राहत होता. साखर २१०. तोंड उघडायला सांगितले तेव्हा त्यांनी लाजत पिशवीतून रुमालात गुंडाळलेली कवळी काढून दाखवली. वर्षापूर्वीच्या आजारपणात गाल बसले, हिरड्या आकसल्या, तेव्हापासून ती बसतच नाही. चहात बुडवलेले बिस्कीट आणि गुरगुट्या भात, हाच त्यांचा आहार. औषधाआधीही तोच होता, नंतरही तोच. आता तो जरा जास्त वेळा मागितला जात होता, इतकेच.

हे संपादकीय त्या कवळीमुळे लिहीत आहे.

"अन्नावरची वासना उडाली आहे, भूक लागायचं काहीतरी द्या," हे वाक्य आपण रोज ऐकतो. नातेवाइकांची त्यामागची तगमग खरी असते. ताट तसेच परत जाताना पाहणे घरच्यांना सोसत नाही. अशा वेळी चिठ्ठीवर एक औषध लिहिले की सगळ्यांनाच हायसे वाटते, आपल्यालाही. म्हणून त्या औषधाने नेमके काय होते, हे आपल्याला स्वच्छ ठाऊक असायला हवे.

मेजेस्ट्रॉल हे प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे कृत्रिम हॉर्मोन. आधी ते स्तनाच्या कर्करोगासाठी वापरले जाई. त्या रुग्णांची भूक आणि वजन वाढते असे दिसले आणि १९९३ साली अमेरिकेत एड्समुळे खंगलेल्या रुग्णांसाठी त्याला मान्यता मिळाली. त्या काळी एड्सवर परिणामकारक इलाज हाताशी नव्हता, हे विसरू नये. मान्यता मिळाली ती त्या रुग्णांसाठी. आज आपल्याकडे ते सरसकट "वजन कमी आहे" एवढ्या कारणावर लिहिले जाते.

वाढलेले वजन मुख्यतः चरबीचे आणि थोडे पाण्याचे असते. स्नायू त्या मानाने जवळजवळ वाढत नाहीत. २००७ साली अशक्त वृद्धांवर एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात व्यायामाबरोबर मेजेस्ट्रॉल दिलेल्या वृद्धांची ताकद, नुसता व्यायाम केलेल्यांपेक्षा कमी सुधारली. म्हणजे फिजिओथेरपिस्टने कमावलेले आपल्याच गोळीने घालवले.

त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो २००५ सालचा अमेरिकेतल्या नर्सिंग होममधला अभ्यास. तोही मोजक्याच रुग्णांवरचा. औषध चालू असताना नेहमीच्या पद्धतीने ताट समोर ठेवले, तर वृद्धांचे खाणे वाढले नाही. कुणी शेजारी बसून, वेळ देऊन, आवडनिवड विचारून भरवले तेव्हाच ते वाढले. भरवणारा माणूस नसेल तर औषध एकटे पडते, हे यापेक्षा सोप्या रीतीने कुणी दाखवले असेल असे वाटत नाही.

आता किमतीकडे पाहू. कॉक्रेनच्या २०१३ सालच्या आढाव्याचा हिशेब असा: औषध घेणाऱ्या चौघांमागे एकाची भूक सुधारते, बारा जणांमागे एकाचे वजन वाढते आणि तेवीस जणांमागे एक जादा मृत्यू होतो. पायाच्या शिरेत गुठळी होणे हा यातला मोठा धोका, आणि आपले हे रुग्ण बहुधा अंथरुणालाच खिळलेले असतात. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या बीअर्स यादीत हे औषध वृद्धांमध्ये टाळावे, असे स्पष्ट म्हटले आहे.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी. मेजेस्ट्रॉलचा थोडा परिणाम स्टेरॉइडसारखा असतो. काही महिने घेतले की अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुस्तावते. मग घरचे एक दिवस ते परस्पर बंद करतात. आठवड्याभरात रुग्ण परत येतो: मळमळ, कमालीचा थकवा, उतरलेले ब्लडप्रेशर आणि भूक अजिबात नाही. भूक नाही म्हणून तेच औषध पुन्हा लिहिले जाते. अशा वेळी सकाळचे कॉर्टिसोल तपासायची आठवण ठेवा.

डेक्सामेथासोनची गत याहून वाईट. ते स्वस्त आहे आणि मेडिकलमध्ये चिठ्ठीविना मिळते. सायप्रोहेप्टाडिनबरोबर "वजन वाढवायची गोळी" म्हणून ते तरुण मुलामुलींनाही विकले जाते. भूक वाढते, चेहरा गोल होतो आणि मांडीचे स्नायू वितळतात. क्षयाचा संशय असलेल्या माणसाला निदानाआधी ते देणे तर अक्षम्य आहे. अशक्तपणासाठी दर पंधरवड्याला दिली जाणारी नँड्रोलोनची इंजेक्शनेही याच माळेतली. त्याच जातीच्या ऑक्झँड्रोलोनची मान्यता अमेरिकेने २०२३ साली काढून घेतली.

नव्या औषधांबद्दल थोडक्यात. १९९९ साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी जठरातून घ्रेलिन हे भुकेचे हॉर्मोन शोधले. त्याच्यासारखे काम करणारे अ‍ॅनामोरेलिन कर्करोगाच्या रुग्णांमध्ये स्नायूंचे वस्तुमान वाढवते, पण हाताच्या पकडीची ताकद वाढवत नाही. २०१७ साली युरोपने ते नाकारले, २०२१ साली जपानने स्वीकारले. आपल्याला जवळची बातमी पुदुच्चेरीच्या जिपमेरची आहे. तिथे केमोथेरपी घेणाऱ्या १२४ रुग्णांवर अभ्यास झाला. रोज अडीच मिलिग्रॅम ओलान्झापिन घेणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांचे वजन पाच टक्क्यांहून अधिक वाढले, प्लासिबो घेणाऱ्यांत ९ टक्क्यांचे. ते हॉर्मोन नाही, स्वस्त आहे आणि पुरावा आपल्याच देशातला आहे. मात्र तो कर्करोगाच्या रुग्णांपुरता आहे. आजींच्या कवळीवर तो उतारा नाही.

ही औषधे कधीच देऊ नयेत, असे माझे म्हणणे नाही. पसरलेला कर्करोग असलेल्या माणसाला नातीच्या लग्नात पंगतीला बसायचे असेल, तर धोके समजावून दोन-तीन आठवडे स्टेरॉइड देणे योग्यच आहे. तिथे आपण त्याचे उरलेले दिवस सुसह्य करत असतो, आणि तेही मोठे काम आहे. कुपोषणाचा इलाज मात्र तो नव्हे.

आपल्याकडच्या प्रौढांच्या कुपोषणाचे सगळ्यात ठसठशीत रूप क्षयरोगात दिसते. झारखंडमधल्या 'रेशन्स' अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यातल्या २,८०० रुग्णांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक कुपोषित होते. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या चमूने त्यांना काय दिले? तांदूळ, डाळी, दूध पावडर, तेल आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या: रोज १,२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिने पुरतील एवढे. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. क्षयाची औषधे (एकेटी) लागू पडली की भूक बहुधा आपोआप परत येते. तेव्हा डब्यात डाळ असायला हवी. निक्षय पोषण योजनेचे मासिक पाचशे रुपये नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले आहेत. ते आपल्या रुग्णाच्या खात्यात खरेच जमा होतात का, हे विचारणेही उपचारातच धरा.

भूक वाढवून एकदम भरपूर खाऊ घालण्यातही धोका असतो. बीएमआय सोळाच्या खाली असेल किंवा दहा दिवस पोटात काही गेले नसेल, तर खायला सुरू करण्याआधी थायमिन द्या, फॉस्फेट-पोटॅशियम पाहा आणि कॅलरी हळूहळू चढवा. खंगलेला माणूस पहिल्या आठवड्यात खाण्यानेच दगावू शकतो.

आजींचे औषध आम्ही हळूहळू कमी केले. कवळी नवी करायला टाकली आहे. तोवर वरणात तूप, भातात अंडे कुस्करून आणि दुपारी शेंगदाण्याच्या कुटाची खीर. सून कामावर जाते, म्हणून दुपारच्या जेवणाला शेजारच्या मावशी सोबत बसतात. तीन आठवड्यांत वजन ४३ वरून ४२ वर आले, कारण पायांची सूज उतरली. मुलगा काळजीत पडला. त्याला मी खुर्ची दाखवली: आजी आता एकच हात टेकून उठतात.

वाचक डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना एक विनंती. भुकेचे औषध लिहिण्याआधी रुग्णाचे तोंड उघडून पाहा, त्याच्या बाकीच्या गोळ्या तपासा आणि तो कुणासोबत जेवतो ते विचारा. इतके करूनही औषध लिहावे लागलेच, तर ते कोणत्या तारखेला थांबवायचे, हेही त्याच चिठ्ठीवर लिहा.