पेल्याचा काठ आणि थोरांचा तळहात

चीनमधल्या शाओशिंग या गावी काही वर्षांपूर्वी एका घरी जेवायला जाण्याचा योग आला. शाओशिंग हे लू शुन या थोर लेखकाचे जन्मगाव आणि भातापासून होणाऱ्या पिवळसर मद्याचेही माहेर. मुलगी जन्मली की मद्याचे रांजण पुरून ठेवायचे आणि तिच्या लग्नात उघडायचे, ही तिथली जुनी चाल. दाराकडे तोंड करून, मानाच्या जागी, ऐंशीच्या घरातले आजोबा बसले होते. त्यांनी पेला पुढे केला, तसा मीही माझा पेला भिडवला. शेजारच्या नातवाने मात्र दोन्ही हातांनी पेला धरला, त्याचा काठ आजोबांच्या पेल्याच्या काठाहून बोटभर खाली नेला आणि मगच टेकवला. मला कोणी काही बोलले नाही. पण आपलाच पेला सर्वांत उंच राहिला, हे ध्यानात येऊन मी ओशाळलो.

पुढे कळत गेले की, या पंगतीला व्याकरण आहे. धाकट्याने थोरांचा पेला आधी भरायचा, स्वतःचा शेवटी. थोरांनी उचलल्याखेरीज आपण उचलायचा नाही. त्यांच्या मानार्थ पिताना उठून उभे राहायचे. हे काही आजचे नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वी सिद्ध झालेल्या 'ली ची' या आचारग्रंथात सांगितले आहे की, थोरांचा पेला रिकामा होईपर्यंत धाकट्याने आपला ओठाला लावू नये. गावच्या पानविधीत साठीच्या माणसांनी बसावे, पन्नाशीच्या माणसांनी उभे राहावे. साठ वर्षांच्या माणसापुढे तीन पात्रे मांडावीत, सत्तरीच्या माणसापुढे चार, नव्वदीच्या माणसापुढे सहा. वयाचा मान इतका मोजूनमापून दिलेला!

हे वाचून कोणाला वाटेल, ही सारी धाकट्यांना वाकवण्याची युक्ती. मलाही तसेच वाटले होते. पण त्याच ग्रंथात पुढे आहे की, धाकटा उठून नमस्कार करू लागला म्हणजे थोरांनी 'असू दे' म्हणून त्याला थांबवावे आणि मग त्याने जागेवर जाऊन प्यावे. म्हणजे नियमाचा अर्धा भाग थोरांसाठी आहे. एका पेल्यामागे यजमान-पाहुण्यांनी इतके नमस्कार करावेत की, दिवसभर पिऊनही कोणाला चढू नये, हा या विधींचा हेतूही तिथे स्पष्ट सांगितला आहे. कन्फ्यूशियसविषयी नोंद अशी की, मद्याला तो मर्यादा घालून घेत नसे, पण तोल जाईल इतके पीत नसे. आणि गावच्या पंगतीतून काठी टेकणारे वृद्ध उठले की, तोही उठे. शिष्टाचार हा मद्याला घातलेला बांध होता.

हा बांध फुटतो कसा, तेही त्याच रात्री पाहिले. नातवाचा चेहरा दुसऱ्या पेल्यालाच लालबुंद झाला होता. पूर्व आशियातल्या सुमारे एक तृतीयांश लोकांच्या शरीरात मद्यातून तयार होणारे विषारी द्रव्य नीट पचत नाही. लाली हे त्याचेच लक्षण. अशांनी पीत राहिल्यास अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पण काका ऐकेनात. "मी देतोय आणि तू नाही म्हणतोस?" असे म्हणत त्यांनी तिसरा पेला भरायला घेतला. थोरांनी दिलेले नाकारू नये, हेही शास्त्र जुनेच. पोराने दोन्ही हात पुढे केले. तेवढ्यात आजोबांनी आपला सुरकुतलेला तळहात त्याच्या पेल्यावर ठेवला आणि चहा मागवला. काकांनी मुकाट्याने बाटली खाली ठेवली. वयाचा अधिकार असा वापरलेला मी क्वचितच पाहिला आहे.

प्रत्येक मेजावर असे आजोबा नसतात. कचेरीच्या मेजवानीत वरिष्ठ हाच 'काका' होऊन बसतो; तिथे नकार देणे म्हणजे त्याचा मुखभंग करणे. म्हणून मग कायद्याला यावे लागते. पिऊन गाडी चालवणे चीनमध्ये २०११ पासून फौजदारी गुन्हा आहे. आग्रहाने पाजलेला माणूस दगावला, तेव्हा सोबत पिणाऱ्यांना भरपाई द्यायला लावणारे निकालही तिथल्या न्यायालयांनी दिले आहेत.

आपण यावर नाक मुरडू नये. आपल्या घरांत थोरांपुढे पेला येत नाही. धाकटे तो चोरून रिचवतात आणि थोर न पाहिल्यासारखे करतात. त्यामुळे 'आता पुरे' म्हणणारा हात तिथे नसतोच. आणि आग्रह? तो तर आपल्या पंगतीचा आत्मा! मधुमेही व्याह्याच्या पानात "आमच्यासाठी एकच" म्हणून जिलबी वाढणारे आपण, त्या काकांहून फार वेगळे नाही.

काठ खाली नेणारा तो नातू मला आवडला. परंतु त्याने काठ खाली न्यावा, असे थोरपण त्या तळहातात होते. धाकट्यांनी मान राखावा, असे ज्यांना वाटते त्यांनी आधी त्यांच्या 'नको'चा मान राखायला शिकले पाहिजे.